होव्हमधील जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा: माझा अनुभव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह येथे आम्ही राहतो ती घरांची रांग ब्रन्सविक चौकाच्या वसाहतीत मोडते. चार्ल्स बझ्बी आणि एमन वाइल्ड्स यांनी आखलेल्या या वसाहतीचे काम १८२० च्या दशकात सुरू झाले. आमच्या दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीला ओल येऊ लागली, तेव्हा गवंडी बोलावण्याआधी परवानगी काढावी लागेल हे कळले. वारसा यादीतील इमारतीचे स्वरूप बदलणारे काम विनापरवाना करणे हा १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा ठरतो.

या अर्जाला शुल्क नाही. मात्र घरात जुने काय आहे, त्याचे महत्त्व काय आणि नव्या कामाने त्यावर कोणता परिणाम होईल, हे सांगणारे निवेदन जोडावे लागते. ते लिहिताना मी आमची इमारत प्रथमच नीट पाहिली. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच आहेत, कारण पाहुण्यांची बैठक तेथे असे. स्वयंपाकघर तळघरात आणि नोकरांच्या खोल्या माळ्याजवळ असल्याने वर जावे तसतशा खिडक्या लहान होतात. दर्शनी भाग गोलाकार पुढे आला आहे, म्हणून कडेच्या तावदानांतूनही समुद्र दिसतो. गिलाव्यावर रेघा ओढून घडीव दगडाचा आभास निर्माण केलेला आहे.

त्यामागची भिंत मात्र दगडाची नाही. गारगोटी, विटांचे तुकडे आणि वाळू चुन्यात कालवून फळ्यांच्या मध्ये भरलेले हे मिश्रण ब्रायटन परिसरात ‘बंगारूश’ म्हणून ओळखले जाते. अशी भिंत भिजते आणि वाळते, तोवर ती टिकते. आमच्या भिंतीवर पूर्वी कोणीतरी सिमेंट चढवले होते. बारीक भेगांतून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट न उरल्याने ते आतल्या बाजूला झिरपत होते. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करण्याची परवानगी मी मागितली. पुण्यातील वाड्यांत हाच चुना पाहिलेला असल्याने त्याविषयी मला शंका नव्हती.

खिडक्यांना दुहेरी काच बसवण्याची इच्छा होती. वारसा अधिकाऱ्यांनी घर पाहून सांगितले, की त्यासाठी खिडक्यांच्या बारीक लाकडी पट्ट्या जाड कराव्या लागतील आणि किंचित लहरी दिसणारी जुनी काच जाईल. त्यांचे म्हणणे मला पटले. कुजलेले लाकूड बदलून, वर-खाली सरकणाऱ्या तावदानांना पेलणाऱ्या दोऱ्या नव्या घालून त्याच खिडक्या ठेवल्या आणि आतून सरकती काच बसवण्याचा प्रस्ताव अर्जात घातला.

परवानगी मिळाली, पण गिलाव्याचा नमुना आधी भिंतीवर करून मंजूर करून घेण्याच्या अटीवर. चुना ओला असताना गोठला तर निखळतो, त्यामुळे काम थंडी सरल्यावरच सुरू केले. सिमेंटचा पापुद्रा निघाला तेव्हा आत काळ्या, काचेसारख्या चमकणाऱ्या गारगोट्या आणि बोटाने भुगा होणारा ओला चुना दिसला. नव्या थरांवर गवंड्यांनी भिजवलेले गोणपाट टांगले, कारण चुना सावकाश वाळला नाही तर तडकतो.

वरच्या मजल्यावरील शेजारी आता आपल्या भिंतीसाठी अर्ज भरत आहेत. नमुना लवकर करून घ्यावा आणि शेवटचा थर हिवाळ्याच्या बऱ्याच आधी आटोपेल असे वेळापत्रक आखावे, एवढेच मी त्यांना सुचवले आहे.