पाचवा हात

आज श्नाप्सन या पत्त्यांच्या खेळाचे डाव खेळताना प्रथमच माझे लक्ष नियमांवरून उठून पानांवर स्थिरावले. एक्क्याखालोखाल राजा नव्हे तर दश्शी मोठी, हे आता मनाला बजावावे लागत नाही, आणि त्यामुळे जी उसंत मिळते तीत हा दोघांचा खेळ किती खोल आहे हे दिसू लागले आहे. ते विसरण्याआधी लिहून ठेवते.

ऑस्ट्रियात घराघरांत रुजलेल्या या खेळाला वीसच पाने लागतात. चारही रंगांचे एक्का, दश्शी, राजा, राणी आणि गुलाम एवढेच ठेवायचे व बाकीची पाने बाजूला काढायची. त्यांचे गुण अनुक्रमे 11, 10, 4, 3 आणि 2, म्हणजे सगळे मिळून 120 होतात, आणि जो आधी 66 गाठून तसे जाहीर करतो तो डाव जिंकतो. उतारी, म्हणजे पहिले पान टाकण्याची पाळी, आपली असताना एकाच रंगाचे राजा-राणी दाखवले तर 20 गुण मिळतात आणि ती जोडी हुकमाची असेल तर 40. गुणांची बेरीज मनातच ठेवायची असते, कागदावर मांडायची नसते. ही अट मला आरंभी जाचक वाटली होती, पण आता वाटते की ती काढली तर खेळाचा प्राणच जाईल.

दोघांना पाच-पाच पाने वाटली की दहा उरतात. त्यांतले एक उघडे करून हुकूम ठरतो आणि बाकीची नऊ त्यावर पालथी राहतात. दोघांचे एकेक पान पडले की एक हात होतो; अशा प्रत्येक हातानंतर दोघांनीही गड्डीतून एकेक पान उचलायचे, आधी हात जिंकणाऱ्याने. जोवर गड्डी शिल्लक आहे तोवर रंगाला रंग देण्याचे बंधन नसते. गड्डी संपली की मात्र सगळे बदलते: रंग द्यावाच लागतो, शक्य असेल तर वरचे पान टाकावेच लागते, आणि रंग नसेल तर हुकूम मारावाच लागतो. मला स्वतःला पहिला, मोकळा भागच अधिक कठीण वाटतो, कारण तिथे पान टाकण्याला नियमाचा आधार नसतो. जे काही टाकायचे ते आपल्याच विचाराने.

चौथ्या हातानंतर मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. आठ पाने खेळून झालेली असतात, पाच आपल्या हातात असतात, एक उघडे असते. म्हणजे न दिसलेली सहाच उरतात, आणि त्यांतली पाच समोरच्याच्या हातात असतात. गेलेली आठ पाने आठवत असतील तर समोरचा हात जवळजवळ उघडाच पडलेला असतो.

आज अशी वेळ आली तेव्हा हुकूम इस्पिक होता आणि इस्पिकचा गुलाम गड्डीच्या तळाशी उघडा होता. माझ्याकडे इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का, किलवरची दश्शी, किलवरचा राजा आणि चौकटची राणी होती; गुण 26, आणि उतारी माझी. मैत्रिणीचे गुण 13 होते. न दिसलेली पाने म्हणजे किलवरचा एक्का व राणी, चौकटची दश्शी व राजा, बदामचा गुलाम आणि हुकमाची दश्शी. किलवरचा राजा आणि चौकटची राणी माझ्याचकडे असल्यामुळे तिच्याकडे एकही जोडी असणे शक्य नव्हते, आणि नुसते एवढे कळल्यानेही मनावरचा केवढा तरी भार उतरला.

बदामचा एक्का टाकून हात ओढण्याचा मोह झाला होता. पण पाचवा हात जिंकणाऱ्याला पालथे पान मिळते आणि हरणाऱ्याला तळाचा हुकूम, म्हणजे मी जिंकले असते तर गुलाम तिच्याकडे गेला असता. मी चौकटची राणी उतरले. तिने ती दश्शीने घेतली आणि तिचे गुण 26 झाले. तिने पालथे पान उचलले, मी इस्पिकचा गुलाम उचलला, आणि त्या क्षणी तिच्या हातातले प्रत्येक पान मला ठाऊक होते: किलवरचा एक्का व राणी, चौकटचा राजा, बदामचा गुलाम, हुकमाची दश्शी.

तिने किलवरचा एक्का उतरला, त्यावर मी राजा दिला. मग तिने राणी टाकली, ती माझ्या दश्शीने घेतली आणि मी 39 वर पोहोचले. त्यानंतर हुकमाच्या एक्क्याने तिची दश्शी खेचली आणि बदामच्या एक्क्याखाली तिचा गुलाम आला. दोन्हीही तिला द्यावेच लागले, आणि मी 73 वर डाव मिटवला. तिने किलवरऐवजी चौकटचा राजा उतरला असता तर तळाचा तोच गुलाम हुकूम म्हणून मारता आला असता आणि पुढच्या दोन एक्क्यांनी बरोबर 66 भरले असते. डाव संपल्यावर आम्ही पाने पुन्हा मांडून तिच्या बाकीच्या उताऱ्याही तपासल्या, आणि प्रत्येकीत मी पार पडत होते.

तीन गुणांची राणी देऊन दोन गुणांचा गुलाम घ्यायचा, हे नुसत्या बेरजेला पटणारे नाही. गुलामाचे मोल त्याच्या गुणांत नसून कडक भाग सुरू होताना दुसरा हुकूम कोणाच्या हातात आहे यात आहे.

मैत्रिणीने नंतर एक प्रश्न विचारला, आणि तो मला अजून सुटलेला नाही: तिने राणी घेतलीच नसती, बदामचा गुलाम टाकून हात मलाच दिला असता, तर? तसे झाले तर माझे गुण 31 होतात, उतारी माझ्याकडेच राहते, पण इस्पिकचा गुलाम तिला मिळतो, आणि हुकमाची दश्शीही तिच्याकडे असेल तर दोन हुकूम तिचे, एक माझा. उद्या पाने तशीच मांडून ही बाजू शेवटपर्यंत खेळून पाहायची आहे.