कपाळावरचे तडे

मी ६ वर्षांपूर्वी रंगवलेलं एक पोर्ट्रेट परत आलं. तैलरंग, सुती कॅनव्हास, २४ बाय ३० इंच. कपाळ, नाकाचा शेंडा आणि पांढऱ्या कॉलरवर तडे. केस, हनुवटीखालची सावली आणि पार्श्वभूमी ठणठणीत. मागणी एवढीच की, ‘थोडा रंग लावून द्या.’

तड्यांवर रंग फासायचा नसतो, आधी ते का गेले ते बघायचं. अंधार करून टॉर्च चित्राच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला. अशा तिरप्या उजेडात बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. पाठीमागून धक्का बसला असता तर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसली असती. कॅनव्हास सैल पडून आतल्या लाकडी पट्टीला टेकत असता तर तडे पट्टीला समांतर गेले असते. तसं काहीच नव्हतं. मग संशय माझ्याच हातावर. तेलकट थरावर कमी तेलाचा थर बसला, की वरचा आधी सुकतो, खालचा हलत राहतो आणि वरचा फाटतो. पण त्या भेगा रुंद असतात, कडा गोलसर. इथे रेषा केसाएवढ्या आणि कडा वर वळलेल्या, वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्यासारख्या. भिंगातून एका खपलीखाली पाहिलं, तर आधीचा राखाडी थर शाबूत. वरचा रंग नुसता तडकला नव्हता, खालच्यावरून सुटला होता.

सुटला होता तोही पांढरा भरपूर तिथेच. कपाळावरचा उजेड मी पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, एकदाच ठेवतो, पुन्हा घोटत नाही. चेहऱ्याचं साम्य बरंचसं त्या एका ठिपक्यावर उभं असतं. नेमका तोच उचलला गेला होता.

त्याच रंगाची जुनी ट्यूब सापडली. पुढे ठळक ‘टायटॅनियम व्हाइट’, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत रंगद्रव्यांचे संकेतांक, पीडब्ल्यू ६ आणि पीडब्ल्यू ४. पहिला टायटॅनियम, दुसरा झिंक. झिंक ऑक्साइडचा तेलातल्या आम्लांशी संयोग होऊन धातूचे साबण तयार होतात आणि काही वर्षांत थर ठिसूळ होतो. हवेतल्या दमटपणाबरोबर कॅनव्हास ताणतो-सैलावतो, वरचा थर मात्र लवत नाही. पुढच्या नावात झिंक लपवणं हा चावटपणाच. पण मागे छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ब्रशच्या केसांवर आम्ही तासभर वाद घालू, ट्यूब मात्र उलटी करून बघणार नाही.

चित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवलं. धूळ झटकली नाही, एका फटक्यात खपल्या उडतात. सुटून पडलेली एक खपली लिफाफ्यात घातली आणि तिची जागा फोटोवर खुणावली. पुढचं काम संवर्धकाचं, म्हणजे चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं: खपलीखाली पातळ चिकटद्रव्य सोडायचं, कोमट स्पॅटुलाने हलकेच दाबून बसवायची आणि रंग फक्त उडालेल्या जागी, तोही नंतर पुसून काढता येईल असा. हे चित्रकाराने करू नये. त्याचा हात आवरत नाही, ठिपका दुरुस्त करता करता सगळं कपाळ रंगवतो. शिवाय ताजा तैलरंग आज जुळतो, पुढे तेल पिवळावलं की ठिगळ दिसतं.

खर्च माझा, हे मालकांना सांगून टाकलं. वहीत त्याच पांढऱ्यातली आणखी ११ पोर्ट्रेट्स आहेत. त्यांच्या मालकांना कळवावं, तर ते धडधाकट चित्रातही भिंग घेऊन तडे शोधत बसतील. न कळवावं, तर भिंतीखाली खपली पडेपर्यंत कोणाला पत्ता नसेल. आतापर्यंत दोघांना फोन केलाय.