मशीनमधला चौथा रकाना

स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकरीवरून फुप्फुसांची ताकद मोजायच्या, मशीनमध्ये वय, उंची, लिंग भरलं की चौथा रकाना येतो: वंश. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या ज्या हॉस्पिटलात मी श्वसनचाचण्या करते, तिथे तो पेशंटचा चेहरा बघून भरला जायचा. विचारायचं कुणी नाही. शाळेच्या दाखल्यावर जात बघत वाढलेल्या माणसाला रकान्याचं काय मोठं अप्रूप!

त्या दिवशी आलेले गृहस्थ साठीचे, उभा जन्म फाउंड्रीत गेलेला. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि माझं नेहमीचं ओरडणं: फुंका, फुंका, अजून, अजून! धाप ओसरल्यावर त्यांची नजर स्क्रीनवर गेली.

"आफ्रिकन-अमेरिकन? मी अमेरिकेला गेलेलोच नाही. आईवडील जमैकाचे, मी इथला. त्यानं काय फरक पडतो?"

अशा वेळी 'डॉक्टर सांगतील' म्हणून मोकळं होता येतं. समानतेचं ऑनलाइन प्रशिक्षण आम्ही सगळे दरवर्षी पुरं करतो, त्यात या प्रश्नाचं उत्तर नाही. मी खरं ते सांगितलं. नॉर्मल किती हे मशीन ज्यांवरून ठरवतं, त्या 2012 च्या समीकरणांत काळ्या माणसाची अपेक्षित क्षमता गोऱ्यापेक्षा सुमारे 15 टक्के कमी धरतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली त्यांची हवा त्या हिशेबानं अपेक्षेच्या 82 टक्के, म्हणजे नॉर्मल. त्यांच्यासमोरच मी रकाना बदलून गोऱ्यांचा केला. तीच फुंकर, तेच लिटर, आकडा 70.

"म्हणजे फाउंड्रीच्या धुळीनं नेलं ते माझ्या रंगाच्या नावावर?"

धुळीनं किती नेलं हे एका चाचणीवरून सांगता येत नाही, तेही मी बोलले. सरासरीत फरक सापडतो हे खरं. पण त्यातला किती बालपणीच्या पोषणाचा, किती हवेचा, किती कामाच्या जागेचा, हे त्या रकान्याला कळत नाही. ही कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारल्यावर कार्टराइटचं नाव घ्यावं लागलं. अमेरिकेतल्या लुइझियानाचा, स्वतः गुलाम बाळगणारा डॉक्टर. 1851 च्या सुमाराला त्यानं स्पायरोमीटर वापरून काळ्यांची फुप्फुसं 20 टक्के उणी ठरवली आणि सक्तीची मेहनत त्यांच्या तब्येतीला बरी, असा निष्कर्ष काढला. 1999 मध्ये बॉल्टिमोरमध्ये अॅस्बेस्टॉसमुळे झालेल्या आजारांच्या भरपाईच्या दाव्यांत काळ्या कामगारांना वेगळा, कडक निकष लावून घ्यायचा प्रयत्न झाला, त्यालाही हाच आधार होता.

"आणि तुम्ही स्वतः कशात मोडता?"

"'इतर' मध्ये. भारतीयांसाठी त्या यादीत वेगळं नावच नाही."

ते इतके हसले की खोकला लागला. चाचणी आधीच झाली होती म्हणून बरं.

रिपोर्टवर मी दोन्ही आकडे लिहिले आणि विभागाच्या बैठकीत विषय काढला. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनेनं 2023 मध्ये वंशनिरपेक्ष समीकरण वापरायची शिफारस केली होती, त्यामुळे मला वाटलं, पाच मिनिटांत संपेल. पण आमच्या नायजेरियन रजिस्ट्रार डॉक्टरनं वेगळंच टोक धरलं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी हाच टक्का बघतात. उद्या काळ्या पेशंटांचे आकडे सरसकट खाली आले, तर त्यांना ऑपरेशनच नाकारणार का? सर्जनांना कोण सांगणार? त्यावर चांगलीच जुंपली. अशी बोलाचाली मी या विभागात पहिल्यांदाच ऐकली, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली.

शेवटी ठरलं की सर्जनांशी बोलणं होईपर्यंत दोन्ही आकडे द्यायचे आणि रकाना पेशंटला विचारूनच भरायचा. फाउंड्रीवाल्या गृहस्थांना कन्सल्टंटनी सीटी स्कॅनसाठी बोलावलं आहे.