चंची

आमच्या बेळगावात कुणी ‘जरा चंची सोड की’ म्हटलं, की तो अर्धा तास तरी उठत नाही. चंची म्हणजे पान-तंबाखूची खणाखणांची कापडी पिशवी. आत निपाणीचा तंबाखू, ओल्या फडक्यातली पानं, कात, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता. आजीची चंची जुन्या इरकली लुगड्याची होती. बाहेरून मळून काळी पडलेली, उलगडली की आतून लालभडक. एकावर एक पाच खण. गुंडाळी करून दोरीचे दोन फेरे मारले की खोचली कमरेला. चुन्याच्या खणाच्या कडा पांढऱ्या, कडक झालेल्या. त्याच खणात चार आणे हुडकायला गेलो आणि बोटांची सालं निघाली, तेवढं अजून आठवतं.

बटव्यात ही मजा नाही. दोरी ओढली की तोंड मिटलं. आत लवंग कुठली नि नाणं कुठलं, चाचपत बसा.

शेजारच्या कानडी अज्जी हिलाच ‘संची’ म्हणायच्या. मला वाटे, तोंडात पान आहे म्हणून ‘च’चा ‘स’ होतोय. पुढे संची होन्नम्मा भेटली. 17व्या शतकात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या दरबारी विड्याची संची सांभाळणारी ही बाई मोठी कवयित्री झाली, तरी नावाला लागलेली पिशवी काही सुटली नाही. तेलुगूत तर भाजीची असो की पुस्तकांची, पिशवी म्हणजे संचीच. तिकडे एवढा ऐसपैस नांदणारा शब्द आपल्याकडे पान-तंबाखूपुरता आखडून बसला, पाहुण्यानं एकाच खोलीत राहावं तसा. म्हणूनच मला तो तिकडचा वाटतो. अडकित्त्यात नाही का कानडी ‘अडके’ म्हणजे सुपारी बसलेली!

परवा शहापुरातल्या एका शिंप्याकडे गेलो. म्हटलं, चंची शिवायची आहे. त्यानं कशाची म्हणून विचारलं नाही.

“किती खण?”

“चार.”

“सुण्णाच्या खणाला आतनं जाड अस्तर घालू काय?”

सुण्णा म्हणजे चुना. म्हटलं, चुना नको, तंबाखूही नको. चष्मा, चार्जर आणि रक्तदाबाच्या गोळ्या ठेवायच्या आहेत.

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, पावतीवर लिहिलेलं ‘चंची’ खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘पिशवी, कप्पे चार’.