तुम्ही विचारलंत म्हणून: साबुदाण्याचं एकच वाण सगळीकडे का चालत नाही?

उपासाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला तेवढ्यात कळलेलं असतं की पुण्याची खिचडी आणि आपल्या नागपूरकडची साबुदाण्याची उसळ, दोन्हीतला दाणा झाडावर लागत नाही. तो कसावाच्या कंदातल्या स्टार्चपासून बनतो, आणि त्याचे कारखाने मुख्यतः तामिळनाडूत सेलमकडे आहेत. मग पुढचा प्रश्न: "तिकडे एकरी बारा-चौदा टन निघतं म्हणे. तेच वाण इथे लावलं तर? आणि सगळीकडे सारखं पिकणारं वाण काढायला अडचण काय आहे?"

इथे लावलं तर काय, ते आधी सांगतो. कसावा दुष्काळ सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. आपल्या काळ्या जमिनीत ऑगस्टची झड लागली की दोन-तीन दिवसांत कंद कुजायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. झाड मरत नाही, पण पंधराच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. उन्हाळ्यात ते पानं गाळून तग धरतं आणि जूनच्या पहिल्या पावसाला नवी पालवी काढतं. ती पालवी येते कंदात साठवलेल्या स्टार्चवर. म्हणजे मेमध्ये काढलेला कंद पिठूळ आणि जुलैत काढलेला पाणचट, वाण तेच, शेत तेच. सेलमकडे ठिबकवर वाढलेल्या पिकाचा आकडा या शेताला लावताच येत नाही.

आता वाण काढण्याचं. कसावाचं बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं, आंब्याच्या कोयीसारखं. म्हणून संकरातून बी मिळवायचं, रोपं वाढवायची, आणि आवडलेलं रोप पुढे खोडाच्या कांड्यांनी वाढवायचं. संकर करणंही वेळखाऊ. एकाच तुऱ्यात खालची मादी फुलं आधी उमलतात आणि वरची नर फुलं दहा-चौदा दिवसांनी. फळात जास्तीत जास्त तीन बिया. काही वाणांना तर फूलच येत नाही.

खरी अडचण मात्र हिशोबाची आहे. चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीन रेप (म्हणजे तीच लावण तीनदा), प्रत्येक प्लॉटमध्ये ६ × ६ अशी ३६ झाडं धरली तर एका वाणाला ४३२ कांड्या लागतात. बियापासून आलेलं झाड एकच. त्याच्या फार तर दहा कांड्या होतात, पुढच्या वर्षी शंभर, त्याच्या पुढच्या वर्षी हजार. म्हणजे वेगवेगळ्या हवामानात चाचणी चौथ्या वर्षाआधी होऊच शकत नाही. तोवर हजारो रोपांतली बहुतेक गळालेली असतात, आणि ती गळालेली असतात एकाच केंद्राच्या, एकाच मातीवरच्या निकालावर. दुसऱ्या मातीत जे चाललं असतं, ते पहिल्याच वर्षी बांधावर फेकलं गेलेलं असू शकतं.

म्हणून सुरुवातीच्या वर्षांत कंदाच्या वजनावर फार विसंबू नये. तेव्हा एका वाणाची आठ झाडांची एकच ओळ असते, आणि उंच, पसरट वाण शेजारच्या बुटक्या वाणाचं ऊन खातं आणि उगाच सरस दिसतं. त्याऐवजी अख्ख्या झाडाच्या वजनात कंदाचा वाटा किती, ते पाहावं. तो वाटा निम्म्याच्या वर असलेली झाडं ठेवावीत. कंदाचं वजन जागेगणिक हेलकावे खातं, हा वाटा त्या मानाने कमी हलतो.

मोठ्या चाचणीत ९० × ९० सेंटीमीटरवर लावलेल्या ३६ झाडांपैकी कडेची वीस सोडायची आणि आतली सोळाच काढायची. त्यांचं क्षेत्र जवळपास १३ चौरस मीटर भरतं. तिथे ४० किलो निघाले तर हेक्टरी साधारण ३१ टन. एखादं झाड मेलं असेल तर शेजारची झाडं ती जागा वापरतात, म्हणून सरळ त्रैराशिक मांडू नका. मेलेली झाडं आधी मोजून वेगळी लिहा.

सगळ्या जागांचे आकडे हाती आले की लोक सरासरी काढतात, आणि घोळ होतो तो इथेच. समजण्यापुरते आकडे घेऊ. चार जागा, सगळ्या वाणांची मिळून त्या त्या जागेची सरासरी हेक्टरी १२, २०, २८ आणि ३६ टन. पहिलं वाण देतं १३, २१, २९, ३७. दुसरं ७, १९, ३१, ४३. तिसरं २०, १४, ३७, २९. तिघांचीही सरासरी बरोबर २५! जागेची सरासरी एक टनाने वाढली की वाणाचं उत्पादन किती टनाने वाढतं, तो त्याच्या रेषेचा उतार. पहिलं वाण जागेबरोबर चढतं-उतरतं, त्याचा उतार १. दुसऱ्याचा उतार दीड: पाणी-खत असेल तिथे बाजी मारतं, कोरडवाहूला बुडवतं. तिसऱ्याचा अंदाजच बांधता येत नाही. एबरहार्ट आणि रसेल या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत हेच सांगते: सरासरी उंच हवी, उतार १ च्या आसपास हवा आणि त्या रेषेपासूनचं विचलन शून्याजवळ हवं. यातली पहिली अट विसरू नये. चारही ठिकाणी त्या जागेच्या सरासरीपेक्षा ११ टन कमी देणारं वाणही अगदी स्थिर असतं, पण ते कोण लावणार?

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला चार जागांची सरासरी मिळत नाही, त्याला एकच शेत असतं. त्याच्यासाठी आम्ही वाईट जागेचा आकडा आधी वाचतो. त्यात दुसरं वाण ७ वर आहे, पहिलं १३ वर. तिसरं २० वर दिसतं खरं, पण पुढच्याच जागेला १४ वर घसरतं. तसं का झालं हे कळल्याशिवाय त्याची शिफारस करणं म्हणजे जुगार.

आणि हे 'का' शोधताना पुष्कळदा दोष वाणाचा निघतच नाही. तो बेण्याचा निघतो. आमच्या मते कसावात ज्याला अस्थिरता म्हणतात तिचा मोठा भाग बेण्यातून येतो. नव्या वाणाचं बेणं संशोधन केंद्रातून ताजं, निरोगी येतं. तुलनेच्या जुन्या वाणाचं कुठल्या तरी शेतातून, मोझॅक या विषाणूरोगाने ग्रासलेलं. मग नवं जिंकतं. पुढे तीन-चार वर्षांत पांढरी माशी त्यातही विषाणू सोडते आणि तेच वाण 'खराब झालं' म्हणून बदनाम होतं. १९७१ मध्ये तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने दिलेलं एच-२२६ हे वाण अजून लावलं जातं, पण ते मोझॅकला बळी पडतं. त्याचं उत्पादन सांगताना बेणं कुठलं होतं हे सांगितलं नाही, तर आकड्याला अर्थ नाही. श्री पद्मनाभसारखं रोगाला दाद न देणारं वाण पांढऱ्या माशीच्या भागात स्थिर वाटतं, त्याचं कारण हेच.

म्हणून चाचणीतल्या सगळ्या वाणांचं बेणं एक हंगाम एकाच शेतात वाढवून घ्यावं. आठ ते बारा महिन्यांच्या झाडाच्या खोडाचा मधला भाग घ्यावा. शेंडा कोवळा, तो वाळतो. बुडखा जून, तो उशिरा फुटतो. कांडी १५-२० सेंटीमीटरची, आठ-दहा डोळ्यांची, आतला भेंड जाडीच्या निम्म्याहून कमी. साल नखाने खरवडल्यावर लगेच चीक आला तर कांडी जिवंत. लावताना डोळे वरच्या दिशेला हवेत. उलटी लागलेली कांडी फुटते, पण उत्पादन घटतं.

कारखान्याला टनापेक्षा स्टार्च महत्त्वाचा, म्हणून ओल्या वजनावर थांबू नका. माती धुतलेले पाच किलो कंद जाळीत घालून पाण्याखाली पुन्हा तोला. समजा पाण्यात वजन ०.५ किलो भरलं. पाचातून अर्धा वजा करून येणाऱ्या साडेचाराने पाचाला भागा, १.१११ येतात. त्याला १५८.३ ने गुणून १४२ वजा केले की सुक्या पदार्थाचा अंदाज मिळतो, इथे सुमारे ३४ टक्के. हे काम काढणीच्या दिवशीच करा. दोन-तीन दिवसांत कंदात निळ्या-काळ्या रेघा उमटतात आणि तो वाया जातो. सगळ्या ठिकाणची काढणी समान वयाची आणि पावसाआधीची ठेवा. नाहीतर मोजाल पाऊस आणि नाव द्याल वाणाचं.

नागपूरच्या आसपास करून पाहायचंच असेल तर काळी कसदार जमीन सोडा. मुरमाड, बरड, उताराची जमीन घ्या, वरंब्यावर लावा. एकरी ५,००० कांड्या एकदम आणू नका. तीन-चार वाणांच्या छत्तीस-छत्तीस कांड्या, एका बरड तुकड्यात आणि एका मध्यम जमिनीत, दोन हंगाम. जंगलालगत शेत असेल तर कुंपणाचा खर्च आधी धरा. गोड वाण कुठलं, हे रानडुकरांना तुमच्या आधी कळतं.