टायर नवा, पण बनला कधी? थंडीआधी स्कूटरचे टायर बदलताना

टायरच्या कडेवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे ठसवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. एवढी साधी गोष्ट. पण पैसे देण्याआधी हे आकडे बघायला मिळावेत म्हणून मला जेवढा त्रास झाला, तेवढा चाकं काढणं, टायर बसवून घेणं आणि चाकं परत लावणं या सगळ्याचा मिळूनही झाला नाही. तो राग अजून गेलेला नाही. थंडीच्या तोंडावर टायर बदलायचे आहेत आणि खर्चही आवाक्यात ठेवायचा आहे, अशांसाठी हे लिहिते आहे.

माझ्या स्कूटरचा मागचा टायर मधोमध पार गोटा झाला होता. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. कडेवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा लहानसा त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघायचं. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. मागे इंजिनाचं आणि बसणाऱ्याचं वजन असतं, ओढही तिथेच लागते, त्यामुळे मागचा आधी जातो यात नवल नाही. पुढच्याची नक्षी मात्र चांगली शिल्लक होती. वरवर बघणाऱ्याने तो ठेवूनच दिला असता. पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या आणि आकडे बघितले तर तो सात वर्षांचा निघाला.

माझी स्कूटर रोज बाहेर पडते, पण फार लांब जात नाही. अशा गाडीचा पुढचा टायर झिजून जात नाही, वयाने जातो. रबर हळूहळू कडक होतं आणि थंडीत ते आणखी कडक होतं. पहाटे रस्ता दवाने ओला असतो, कडेला भिजलेली पानं पडलेली असतात, आणि ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढच्याच चाकावर येतो. म्हणजे पकड सगळ्यात जास्त हवी तिथे सगळ्यात कडक रबर. त्यात कोणी मला चार वर्षं गोदामात पडलेला टायर ‘नवा’ म्हणून विकला, तर त्याच्या कामाच्या आयुष्यातला मोठा हिस्सा मी न वापरताच संपलेला असतो. किमतीत सूट मिळाली तरी तो महागच पडतो.

हे सगळं डोक्यात ठेवून दुकानात गेले. माप माहीत होतं, ९०/९०-१२, जुन्या टायरवरून उतरवून घेतलं होतं. टायर वर टांगलेला, प्लास्टिकच्या पट्टीत गुंडाळलेला.

“जरा खाली काढता का? तारीख बघायची आहे.”

“ताई, माल कालच आलाय.”

“दुकानात कालच आला असेल. कारखान्यात कधी बनला ते बघायचंय.”

“टायर काय दूध आहे का तारीख बघून घ्यायला?”

शेजारी उभी असलेली माणसं हसली. मला अजिबात हसू आलं नाही. दूध नासलं तर ओतून देता येतं. ओल्या वळणावर चाक घसरलं तर काय होतं, हे दुकानदाराला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. पट्टी सोडायला तो तयार नव्हता. “सोडली तर घ्यावाच लागेल,” म्हणाला. मी निघाले.

पुढच्या दुकानात टायर हातात मिळाला, पण बोट ठेवून दाखवलेला आकडा तारखेचा नव्हे, टायर ज्या साच्यात बनतो त्या साच्याचा होता. हे ओळखणं सोपं आहे: पहिले दोन आकडे ५३ पेक्षा मोठे असतील तर ती तारीख असूच शकत नाही, कारण वर्षात तेवढे आठवडेच नसतात. खरी तारीख मीच शोधून काढली आणि चार वर्षांपूर्वीची निघाली. त्यावर उत्तर आलं, “न वापरलेल्या टायरला काही होत नाही.” हे अर्धंच खरं आहे. सावलीत, कोरड्या जागी, उन्हापासून आणि तेलापासून दूर ठेवलेला टायर लवकर बिघडत नाही, हे मान्य. पण वय थांबत नाही. कित्येक टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, वापरू नका. काही कंपन्यांची वॉरंटीही विकल्याच्या नाही, बनल्याच्या तारखेपासून मोजली जाते. मग ती तारीख गिऱ्हाइकाने का बघू नये?

आणखी एका ठिकाणी तर “आधी बसवून घ्या, मग निवांत बघा” असा सल्ला मिळाला. याला कोणीही बळी पडू नका. तारखेचे आकडे बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. मागच्या चाकात ती बाजू इंजिनाकडे गेली की गाडीखाली आडवं पडून बघावं लागतं, आणि रिमवर चढलेला टायर परत कोण घेणार? घरपोच विकणाऱ्यांना फोन करून बघितला. “साठा ताजा आहे” यापलीकडे कोणी काही बोललं नाही. किंमत खरंच कमी होती, मोहही झाला, पण तारीख सांगत नाहीत म्हटल्यावर सोडून दिलं.

सुटका कशाने झाली सांगते. दुकानात जाणं बंद केलं. आधी फोन करायचा, माप सांगायचं आणि एकच मागणं मागायचं: “टायरवरच्या चार आकड्यांचा फोटो पाठवा, पटला तर लगेच येऊन घेते.” दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला टाळता येतं, पण फोनवर पक्कं गिऱ्हाईक समोर दिसत असतं. बऱ्याच जणांनी तरीही टाळलं. शेवटी एका लहानशा दुकानाच्या मालकाने फोटो तर पाठवलाच, वर मी गेल्यावर माझ्या मापाचे सगळे टायर खाली उतरवले आणि टॉर्च धरून एकेकाची तारीख वाचून दाखवली. मला इतकं बरं वाटलं की घासाघीस करायचा उत्साहच राहिला नाही.

तरी थोडी केली, आणि ती अशी करावी असं मला वाटतं: पुढचा टायर सगळ्यात ताजा मागा आणि त्याचा पूर्ण भाव द्या. मागच्यासाठी वर्ष-दीड वर्ष जुना चालतो, कारण तो वयाआधी झिजूनच जाणार आहे. जुन्या तारखेची सूट तिथे मागा. मालकाने ती कुरकुर न करता दिली. महागड्या नावामागे मी गेले नाही. मधल्या किमतीचा, पाणी बाहेर काढायला खोल खाचा असलेला आणि कंपनीने सांगितलेल्या भारांकाचा टायर पुरतो. भारांक म्हणजे मापापुढचा आकडा. ५४ असेल तर तो टायर २१२ किलोपर्यंतचा भार घेतो. पैसे वाचवायला कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी भारांकाचा घेऊ नका.

दुसरी बचत मजुरीत. पूर्ण स्कूटर नेली तर मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर उतरवावा लागतो आणि त्या वेळेचे पैसे लागतात. मी सुटी चाकं नेली. मागचा मधला नट फार घट्ट असतो, म्हणून गाडी मेन स्टँडवर घेण्याआधी कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावायचा आणि मग नट सैल करायचा. सायलेन्सर थंड असताना हात घालायचा. नटाला कॉटर पिन (नट सैल होऊ नये म्हणून आरपार घातलेली पिन) असेल तर नवीनच घालायची. परत आवळताना टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, हवा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हवा. हे जमणार नसेल तर निमूटपणे मेकॅनिकला पैसे द्यावेत, चाकाच्या नटावर अंदाज चालत नाही.

बसवताना तिथेच उभी राहिले. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघितलं. कड चढवायला साबणाचं पाणीच लावायचं, ग्रीस नाही. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून घ्या, फार स्वस्त असतो आणि जुना रबरी व्हॉल्व्ह थंडीत चिरतो.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवायचे, वळणावर गाडी फार झुकवायची नाही. म्हणूनच टायर दव पडायला लागण्याआधी, रस्ते कोरडे असतानाच बदलून घ्यावेत. हवा मात्र थंडीभर बघत राहा: तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होते. गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना मोजायची.

एक राहिलंच. बिलावर दोन्ही टायरचे ते चार आकडे दुकानदाराकडूनच लिहून घ्या. माझ्या बिलावर त्या मालकाने न सांगताच लिहिले होते.