आईचा शालू, माझी पैठणी आणि ब्लाऊजमधली दोन इंच माया

माझं लग्न होऊन आता दीड वर्ष झालं. लग्न ठाण्यातच होतं, नौपाड्यातल्या एका हॉलवर. हॉल, केटरर, गुरुजी हे सगळं बाबांनी आणि दादाने दोन आठवड्यांत उरकलं पण माझ्या साड्यांचं मात्र पाच महिने चाललं होतं. आता माझ्या आतेबहिणीचं ठरलंय आणि ती रोज फोन करून काहीतरी विचारते, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय, तिच्यासारख्या अजून कुणाला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवात आईच्या शालूपासून. आईचं लग्न १९९१ चं, लाल बनारसी शालू, बारीक बुट्टे आणि भरगच्च पदर, आणि मी लहानपणापासून ठरवलेलं की माझ्या लग्नात मी हाच नेसणार. साखरपुडा झाल्यावर कपाटातून काढला, वरून छान दिसत होता, उलगडला आणि माझ्या हातात अक्षरशः घडीच्या रेषेवर तो सुटला. विरला होता. इतकी वर्षं एकाच घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेला, जर पण काळपट पडलेली. आई काहीच बोलली नाही, पिशवी हातात घेऊन नुसती बसून राहिली. तरी स्टेशनजवळच्या एका रफूवाल्याकडे घेऊन गेलो, त्यांनी उजेडात धरून बघितला आणि सरळ सांगितलं की ताई, भोक असतं तर भरलं असतं, पण इथे आजूबाजूचं कापडच जीर्ण झालंय, दोरा धरणार कशाला? नेसून खाली बसलात की फाटेल.

परत येताना मी रिक्षात रडले. घरी मावशी आलेली, ती म्हणाली अगं पदर तर बघ की, पदर शाबूत आहे. आणि खरंच पदर आणि एका बाजूचा काठ एकदम घट्ट होता कारण घडी त्यावर कमी पडलेली. मग त्याचा शेला करायचं ठरलं. पदर कापून, मागून मऊ मलमलचं अस्तर लावून, कडेने त्याच शालूचा काठ फिरवला. साडीला अस्तर लावलं की जुन्या कापडावरचा ताण अस्तर घेतं, हे मला तेव्हा कळलं. उपरण्याला गाठ बांधली ती याच शेल्याची, आणि ते बघून आईचे डोळे भरून आले. उरलेल्या जरीच्या तुकड्यांना जुन्या जरीच्या साड्या घेणारा पैसे द्यायला तयार होता पण दिले नाहीत, ते नीट गुंडाळून ठेवलेत.

मग पैठणी. गोखले रोड, राम मारुती रोड, दादर सगळं फिरले आणि डोकं गरगरलं, कारण तीन हजारांची पण पैठणी आणि तीस हजारांची पण पैठणी, दोन्ही फोटोत सारख्याच दिसतात. शेवटी आई, मी आणि वहिनी सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने मनमाडला उतरलो आणि तिथून गाडीने येवल्याला गेलो. मागावर विणताना बघितलं ना की सगळं कळतं. पदरावरच्या मोराचा एकेक रंग वेगळ्या कांडीवरून हाताने घालतात, म्हणून हातमागाची पैठणी उलटी केली तरी मोर तसाच्या तसा स्वच्छ दिसतो. यंत्रमागावरच्या साडीला मागे दोरे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. दुकानात मी आता पहिलं काम हेच करते, पदर उलटा करते. दुसरं म्हणजे सिल्क मार्कचं, म्हणजे खऱ्या रेशमाच्या खुणेचं लेबल बघते आणि बिलावर हातमाग, प्युअर सिल्क असं लिहून मागते. शंका असेल तर पदराच्या टोकाचे दोन दोरे मागून घरी जाळून बघायचे, रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. जरीचं विचारा, चांदीची की टेस्टेड, टेस्टेडमध्ये तांबं असतं. माझी टेस्टेडच आहे, एवढंच बजेट होतं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. मी मोरपंखी घेतली, मुनिया काठ म्हणजे पोपटांची नक्षी असलेला, साधा पदर. लाल घेतली नाही कारण माझ्याकडे लालच जास्त आहेत आणि मी घेताना एकच विचार करत होते की ही परत कधी आणि कुठे नेसणार.

मामाकडून पिवळी अष्टपुत्री आली, गौरीहर पूजताना नेसायची, ती नऊवारी होती आणि मी ती शिवून घेतली. शिवलेली नऊवारी सोपी पडते, पाच मिनिटांत घालून होते, वॉशरूमला जाता येतं, पण साडी एकदा कापली की ती परत साडी राहत नाही, म्हणून भारीतली कधीच शिवायला देऊ नका, ती नेसवणाऱ्या ताईंकडून नेसून घ्या. माझी शिवून आली लग्नाच्या आठ दिवस आधी आणि उभं राहून मस्त बसली, पण मांडी घालून बसायला गेले तर कासोटा इतका ताणला की बसताच येईना. लग्नात निम्मा वेळ पाटावर बसायचंय! आणि शिवणाऱ्या बाईंनी आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, काहीच ठेवली नव्हती, कडेपर्यंत कापलेलं. शेवटी दुसऱ्या एकीने ब्लाऊजपीसच्या उरलेल्या कापडाची पट्टी आतून जोडून दिली. तेव्हा ट्रायल घेताना मांडी घाला, वाका, जिना चढा, मगच पैसे द्या.

ब्लाऊजचं तर सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया ठेवायला सांगा, तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून. आरी वर्क, म्हणजे हुकासारख्या सुईने मणी-जरीचं भरतकाम, करणार असाल तर ते कापड फ्रेमवर ताणून आधी होतं आणि शिवण नंतर, म्हणून आधीच सांगायचं की बाजूच्या शिवणीच्या अलीकडे वर्क थांबवा, नाहीतर माया असूनही उसवता येत नाही कारण टिपेत मणी अडकलेले असतात. माझं वजन लग्नानंतर वाढलं आणि पैठणीचा ब्लाऊज अर्ध्या तासात उसवून मोठा झाला, फक्त मायेमुळे.

रिसेप्शनचा लेहंगा मी भाड्याने घेतला. त्यात एकच सांगते, घेताना दुकानातच आतून-बाहेरून फोटो काढा, घेर पण पसरून, म्हणजे डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही.

हळदीला आईची जुनी कॉटन साडी नेसले. हळदीचा डाग पडला की लगेच साबण लावू नका, साबणाने हळद लाल होते, नुसत्या पाण्याने धुवून कॉटन असेल तर उन्हात टाका, उन्हाने हळद उडते. पण हे सिल्कला चालत नाही, सिल्कला ऊन पण नको, ते सरळ ड्रायक्लीनला. लग्नाच्या दिवशी परफ्यूम साडी नेसायच्या आधी मारला, जरीवर उडाला तर जर काळी पडते. पिन लावताना मागे एक मोती घातला, कापड फाटत नाही. रात्री कितीही दमलात तरी साडी घामासकट घडी करून बॅगेत कोंबू नका. माझ्या वहिनीने त्या रात्री सगळ्या साड्या खोलीत दोरीवर पसरून ठेवल्या, पंख्याखाली, त्याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे.

आता पैठणी बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली असते, दर तीन-चार महिन्यांनी मी आणि आई बसून घडी बदलतो. आत्तापर्यंत सहा वेळा नेसलेय, मंगळागौरीला, गौरींना, पाडव्याला कौपिनेश्वरच्या स्वागतयात्रेत, नणंदेच्या डोहाळजेवणाला, आणि दोनदा तर नुसतं वाटलं म्हणून.

आतेबहिणीला शेला हवाय, तो मी देणारच आहे. पिवळी नऊवारी पण तिला बसेल असं वाटतंय, रविवारी कळव्याहून येतेय ती, आल्या आल्या पाटावर मांडी घालून बसवूनच बघणार आहे.